दोन तांडेलांचं घर

"चाळीस वर्सं दर्यात काढली. जिती मोरी मासळी, करवतीवानी दातांची, या हातानं जाळ्यातनं सोडवलीय. आन वीतभर पाखराला भिऊ व्हय?" असं म्हणून सदा तांडेलानं ओटीवर जमलेल्या चार माणसांकडं ऐटीत बघितलं आणि पेरूची फोड पिंजऱ्यात घातली. फोड खाली पडली. बोट आतच राहिलं. सदा असा ओरडला की जेटीवर बर्फ फोडणाऱ्यांनी हात थांबवले.

सदा होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, आणि पोपटाचं नावही तांडेलच. निसर्ग वादळात पंख मोडून तो चंद्राबाईच्या मासळीच्या पाटीत येऊन पडला होता. वादळानं सदाच्या घराचे पत्रे नेले आणि बदल्यात हा दिला. सदाच्या मते सौदा बुडीतच होता. पण त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, पोपटाला हळद लावून जगवला आणि पिकल्या लाल मिरच्या चारून माजवला. घरात एक तरी आपलं ऐकणारा तांडेल असावा, म्हणून नाव हे ठेवलं. पंख काही धड जुळला नाही. चोच मात्र शाबूत होती.

घरात तो दोघांनाच चावायचा, सदाला आणि मुलगा विनेशला. चंद्राबाईच्या नाहीतर सून रचनाच्या खांद्यावर बसला, की कीर्तनाला बसल्यासारखा डुलायचा.

"त्याला मानसाचं मन कळतं," चंद्राबाई गल्लीभर सांगायची. "पाप असंल तिथंच चावतो."

"मग विनेशनं काय पाप केलंय?" सदा विचारायचा.

"तुमचाच न्हाय का तो?"

एरवी सदानं हेही पोटात घातलं असतं. पण यंदा नारळी पुनवेला कोळीवाड्याचा सोनेरी नारळ दर्याला द्यायचा मान बारा वर्षांनी त्याच्याकडं आला होता. आणि वाड्याची रीत कडक. जखमेच्या हातानं नारळ द्यायचा नाही. हात तपासणार सोनूबाई, वय ऐंशीच्या पुढं, नजर घारीची. सदाचा हात नापास झाला, तर मान शेजारच्या नामाला. पुनव पंधरा दिवसांवर होती आणि नामा रोज सकाळी हजर.

"सदा, बोट कसं हाय? जप बाबा. मी आपला झब्बा शिवून ठेवलाय, उगीच."

सदानं उपाय सुरू केले. मासळी बर्फात भरायचे लाल रबरी हातमोजे चढवले. तांडेलानं दोन मिनिटांत त्यांची चाळण केली. मग विनेशचं हेल्मेट घालून तो पिंजऱ्यासमोर बसला. हेल्मेट डोक्यात होतं, चावा बोटालाच बसला.

शेवटी रचना म्हणाली, "बाबा, तो तुम्हाला चावत नाय. अंगठीला चावतो."

सदा आणि विनेश, दोघांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. लाल आणि टोकदार.

"त्याला मिरची वाटते ती," रचना म्हणाली. "काढा आणि बघा."

"पोवळं काढू? म्हसळ्याच्या ज्योतिषानं दिलंय! हे घातलं आन महिन्यात मान मिळाला!"

ओटीखाली उभा असलेला नामा हे कान देऊन ऐकत होता.

दोन दिवस सदा अडून बसला. तिसऱ्या चाव्यानंतर त्यानं अंगठी देव्हाऱ्यात ठेवली आणि डोळे मिटून पेरूची फोड पुढं केली. तांडेलानं ती अलगद उचलली, खाल्ली आणि सदाच्या मनगटावर डोकं घासलं. सदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मन साफ केलंत वाटतं," चंद्राबाई म्हणाली.

पुनवेपर्यंत बोट भरून आलं. पुनवेला बेंजो वाजवत सगळा वाडा किनाऱ्यावर गेला. तांडेल चंद्राबाईच्या खांद्यावर होता, कारण घरी एकटा ठेवला की शेजाऱ्यांना शिव्या द्यायचा. सोनूबाईनं सदाचा हात उलटा केला, सुलटा केला, हुंगलासुद्धा.

"पास," ती म्हणाली. नामाचा झब्बा मलूल झाला.

सदानं दोन्ही हातांत नारळ घेतला. लाटा पायांवर आल्या. "चंद्रे, हाताला हात लाव."

चंद्राबाईनं हात लावला. सणाचा दिवस म्हणून रचनानं निघता निघता सासूची नखं रंगवली होती. हौसेनं, लालभडक. तांडेल खांद्यावरून दंडावर आला, दंडावरून मनगटावर उतरला.

"आई गंऽऽ!"

"पाप असंल तिथंच..." सदा सुरू झाला. चंद्राबाईनं असं बघितलं की वाक्य तिथंच बुडालं.

सोनूबाईनं रक्त बघितलं. "जोडीतला एक हात फुटला, म्हंजे जोडी फुटली. नामा, ये रं!"

नामा धावतच आला. नारळ घ्यायला त्यानं हात पुढं केला, तेव्हा तांडेल अजून चंद्राबाईच्या मनगटावरच होता. नामाच्या बोटात पोवळं होतं. कालच म्हसळ्याहून आणलेलं, सदाच्या दुप्पट.

नारळ सोनूबाईनं दिला. नामाला तीन टाके पडले.