एका वर्षात चौतीस वर्षांनी वाढलेला सुतार

करवतीने तीन बोटं खाल्ली तेव्हा सुताराला नुकतं मिसरूड फुटत होतं. उरली सात. दुसरा एखादा रडत बसला असता. याने मोजणीच बदलून टाकली. सात फळ्या झाल्या की एक ओंजळ, सात ओंजळी झाल्या की एक ढीग. अकरा फळ्या तो १४ लिहायचा, म्हणजे एक ओंजळ आणि वर चार. सात, आठ, नऊ हे आकडे त्याच्या दुकानाचा उंबरा ओलांडायला घाबरत. तिथली पालसुद्धा ओंजळभर माश्या खाऊन झाल्या की ढेकर द्यायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

दर वाढदिवसाला तो दुकानाच्या दारावर खडूने आपलं वय लिहीत असे. यंदा लिहून झाल्यावर त्याने दाढीही केली, कारण शेजारच्या बेकरीवालीला अक्काने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, त्याच्यासाठी विचारलं होतं आणि ती आज उत्तर द्यायला येणार होती.

ती आली, पण दारातच थबकली.

"अक्का, हे काय लिहिलंय?"

"त्याचं वय. का गं?"

"शंभर? अहो, गेल्या वर्षी इथे सहासष्ट होतं! तेव्हा मनाशी म्हटलं, असू दे, हाडापेराने दणकट आहे. पण एका वर्षात चौतीस? या चालीने पुढच्या वर्षी खांदाच द्यायचा!"

अक्का हसता हसता भुशाच्या पोत्यावर बसली. तिचा काही उपयोग नव्हता. सुतार घाईने पुढे झाला. पिकलेलं उत्तर डोळ्यांदेखत गळून चाललं होतं.

"एकोणपन्नास आहे मी!"

"मग लिहिलंय काय?"

"एकोणपन्नासच!" त्याने भराभर खिळे मांडले. "हे बघा. सहा ओंजळी आणि वर सहा. झाले अठ्ठेचाळीस, ते गेल्या वर्षीचे ६६. त्यात एक आला, सातवी ओंजळ भरली, ढीग झाला. एक ढीग, सुटी ओंजळ नाही, सुटा खिळा नाही. एक, शून्य, शून्य."

ती खिळ्यांकडे बघत राहिली. मग तिचे डोळे लुकलुकले.

"म्हणजे बोटं कमी तर वय जास्त?"

"दिसायला."

"आणि बोटं जास्त तर वय कमी?"

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिने चप्पल काढून पाय सरळ रंध्याच्या बाकावर ठेवला. "हातापायाची वीस. माझं वय पंचेचाळीस, दोन विसा आणि वर पाच." खडू उचलून तिने दारावर २५ लिहिलं.

"अगं बया, लाज आहे की नाही?" अक्का ओरडली.

"पंचविशीतल्या पोरींना कुठली असते?"

सुतार आपले पाय निरखत होता. "माझी सगळी धरून सतराच भरतात," तो पडल्या चेहऱ्याने म्हणाला.

"तीन माझी धरा."

तिने हात पुढे केला. त्याने तीन बोटं धरली, जपून, जणू नुकती पॉलिश केलेली असावीत.

"दोन विसा, वर नऊ," ती म्हणाली. "एकोणतीस. हे जमेल मला."

"अगं, मग तुझी सतराच उरली!" अक्काने हिशेब काढला.

"उसनी कुठे दिलीत? दोघांत वापरू."

शंभर पुसून सुताराने २९ लिहिलं. एका हाताने, कारण दुसरा मोकळा नव्हता. दुकानात नऊ पहिल्यांदाच आला. पंचाईत झाली ती पालीची. ढेकर आता कितव्या माशीला द्यायची ते तिला कुणी सांगितलंच नाही; ती अजून खातेच आहे.