चाळीस कोट

माझी बायको बावीस वर्षं काजं करत होती. म्हणजे कोटाला बटणासाठी जी भोकं असतात, त्यांच्या कडा हाताने शिवायच्या. त्याच कारखान्यात मी कटिंग मास्टर. मी कापायचो, बाकीचे शिवायचे, आणि सगळ्यांचं झालं की मागच्या खिडकीपाशी बसून ती सुई चालवायची. कापायचं टेबल मधोमध होतं. तिची नजर बावीस वर्षं त्या टेबलावर होती, हे मला फार उशिरा कळलं.

मला स्वतःला हे काम कधीच आवडलं नाही. वडिलांनी कान धरून आणून उभं केलं, तो उभाच राहिलो. हात बसला, नाव झालं, लोक 'मास्टर, मास्टर' करू लागले, आणि मी रोज सकाळी तोंड वाकडं करून घरातून निघत राहिलो. रविवारी दुपारी मी घोरत पडलो की ही माझे कागदी नमुने जुन्या वर्तमानपत्रांवर उतरवून घ्यायची. तिनेच एकदा गठ्ठा काढून दाखवला. गळ्याचा घेर, बाहीचा गोल, पाठीचा उतार, सगळं.

"मला एकदा त्या टेबलावर उभं राहायला मिळालं ना, तर आयुष्यात दुसरं काही मागणार नाही," ती म्हणाली.

"साधा कांदा चिरताना बोट कापतेस तू."

ती हसली. माझ्या मात्र पोटात दुखलं, ते कायमचं. ज्या कामाने माझा जीव नकोसा केला, त्यावर हिने जीव टाकावा? मग मी एवढी वर्षं रडत का काढली?

पुढे माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला. जाड लोकरीतून कात्री चालेना. मालकीणबाईंनी सगळ्यांना जमवून विचारलं, "आता टेबलावर कोण?" कुणी तोंड उघडायच्या आत मागून ही उठली. "मी करीन." इस्त्रीवाला खो खो हसला. म्हणाला, "म्हणजे आता कोटाला नुसती भोकंच भोकं!" हिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका जुन्या ताग्याचं उरलेलं कापड घेतलं आणि नमुन्याचा कोट कापून दिला. शिवून, वाफेची इस्त्री होऊन आला, तो अंगावर ओतल्यासारखा बसला.

मालकीणबाई हिशेबी बाई. म्हणाल्या, "हॉटेलच्या दरवानांचे चाळीस कोट आलेत. हे नीट झाले तर टेबल तुमचं, कायमचं." मग माझ्याकडे वळल्या. "मास्टर, महिनाभर बाजूला बसा. अडलं तर सांगा."

आता एक गोष्ट सांगतो. लोकर वाफेखाली आकसते, आणि प्रत्येक तागा वेगळा आकसतो. नमुन्याच्या कोटाचं जुनं कापड आधीच आकसून बसलेलं होतं, म्हणून तो बरोबर आला. नवा तागा आला की मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात जायचो. वीतभर तुकडा कापायचा, वाफ द्यायची, पुन्हा मोजायचा आणि फेकून द्यायचा. जेवढा आकसला त्या मानाने कापताना वाढवायचं. हे कागदावर कुठेच नसतं. ही घरचं आवरून तासाभराने यायची, त्यामुळे तिने ते कधी पाहिलं नाही. आणि मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला मास्टर कोण म्हणालं असतं?

दरवानांच्या कोटांचा तागा आला, त्या दिवशीही मी लवकर गेलो. नव्या ताग्याचा तुकडा वाफेखाली धरला. चांगला अर्धं बोट आकसला. एवढी चोरटी लोकर मी क्वचितच पाहिली होती. तुकडा खिशात घातला आणि स्टुलावर जाऊन बसलो.

ही आली, पदर खोचला, खडू उचलला. खोटं कशाला बोलू, तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. बाहीचा गोल तिने एका दमात ओढला, तो इतका देखणा होता की माझा जळफळाट झाला. सगळं आखून झाल्यावर तिने मला हाक मारली. "अहो, काही राहिलंय का? बघा ना नीट. एकदा कात्री लागली की संपलं."

मी टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारली. "झकास," म्हणालो.

बारा दिवसांनी शिवलेले कोट इस्त्रीच्या टेबलावर गेले. इस्त्रीवाल्याने पहिला कोट वाफेतून काढून अंगात घातला. बाही मनगटाच्या वर, छातीवरचं बटण लागेना. "हा दरवानाचा की त्याच्या धाकट्या भावाचा?" तो ओरडला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. आधी सगळे हसले, मग कुणीच हसेना. मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या, "बाई, तुम्ही काजंच करा."

मला वाटलं होतं, घरी आल्यावर ही मला फाडून खाईल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण तिच्या मनाला संशय शिवलाच नाही. "नमुन्याचा कोट तर बरोबर आला होता. मग कुठे चुकले मी?" हेच ती चार दिवस विचारत राहिली.

"काही गोष्टी हातातच असाव्या लागतात," मी म्हणालो.

आठवड्याने मालकीणबाईंचा फोन आला. त्यांनी तो नमुन्याचा कोट पुन्हा नीट बघितला होता. हात चांगला आहे, म्हणाल्या. सहा कोटांचं लहान काम आहे, आणखी एकदा करून बघा. नाही तर उद्यापासून बाहेरचा माणूस घेते. ही "थोड्या वेळात सांगते" म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मला काही सुचत नाहीये. जीव म्हणतो घे, पण ते चाळीस कोट डोळ्यांसमोर येतात. तुम्ही मला उगाच चढवणार नाही आणि खोटंही सांगणार नाही. घेऊ मी?"

आधी तुकडा वाफेवर धरून बघ. एवढं एकच वाक्य होतं. अगदी जिभेवर होतं.

"नको," मी म्हणालो. "पुन्हा हसं होईल."

तिने पदराने चेहरा पुसला. "बरं झालं तुम्हाला विचारलं. नाही तर वेड्यासारखी हो म्हणून बसले असते."

आणि तिने माझ्यासमोरच मालकीणबाईंना फोन लावला, अगदी हसतमुखाने नाही म्हणून सांगितलं.