उन्हाला मूड नसतो

हेरंबने संगणकावरच्या फोटोतून भुजंगरावांची बाभूळ पुसली, तेव्हा ती आमच्या बांधावरूनही गेली. मुळासकट गेली, पण खड्डा पडला नाही.

पुसायला मीच सांगितलं होतं. सतरा वर्षं त्या बाभळीची सावली माझ्या शाळूच्या चार ओळी खात होती, आणि भुजंगराव म्हणायचे, "झाड माझं. सावलीचं तुम्ही सूर्याला विचारा." शेजारधर्म म्हणून मी सतरा वर्षं विचारत होतो.

हेरंब माझा शाळासोबती. तालुक्याला त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मांडवात उभं राहवेना, तेव्हा तो शेतांच्या फोटोंकडे वळला. आमच्या ओसरीवर त्याने संगणक मांडला आणि इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला रोज वेलदोड्याचा चहा सुरू केला. मला साधा.

दुसऱ्या दिवशी त्याने विजेचा खांब काढला. पंप बंद पडला. "नजर अडत होती," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने आभाळ खाली ओढलं आणि शिशासारखं करून ठेवलं. दुपारी एक वाजता कोंबड्या खुराड्यात जाऊन बसल्या.

शाळूचा दाणा तेव्हा भरत होता. उन्हावाचून तो भरत नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

"हेरंब, ऊन परत टाक."

"उन्हाला मूड नसतो रे. उन्हात तुझं शेत कसं दिसतं सांगू? शेतासारखं."

"ते शेतच आहे!"

"तीच तर अडचण आहे."

इंदू मान तिरकी करून पडद्याकडे बघत होती. "भावजी, तो बांध जरा खुपतोय का हो?"

बांध गेला. ज्याच्या इंचाइंचासाठी दोन्ही घरांनी तीन पिढ्या डोकी फोडून घेतली होती, तो एका बोटाने गेला. भुजंगराव आपल्या शेतातून चालत आले ते माझ्या शेतात कधी शिरले, हे त्यांनाही सांगता येईना. ओसरीवर येऊन बसले. त्यांनाही वेलदोड्याचा मिळाला.

मी एक कणीस चोळून पाहिलं. दाण्यात नुसतं दूध, तेही पातळ. आणखी आठ दिवस असेच गेले तर हाती कडबा.

"एक काम कर," हेरंब म्हणाला. "डाव्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहा. एकटा माणूस आला की माझं काम झालं. मग ऊन सोडतो."

"नक्की?"

"इतक्या वर्षांत तुला कधी फसवलंय?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं फसवलं. गेलो.

टोकाला जाऊन पाठ केली.   

"खांदे पाड की लेका," हेरंब ओसरीवरून ओरडला, "पाठीवरून खूश दिसतोयस!"

मी पाडले. मागे कॅमेरा वाजला. त्यानंतर मान वळेना. फोटोत ती वळलेली नव्हती.

मग ऊन आलं. खरंच आलं, मोकळं, पिवळंधमक. कणसं तापली आणि दाणा भरल्याचा बारीक तडतड आवाज मला ऐकू आला. मित्राने शब्द पाळला होता. मला भरून आलं.

"आता बघा, वहिनी."

 बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"छान झालंय," इंदू म्हणाली. "पण डावीकडे तो माणूस कशाला?"

"माणूस दिसला की लोक विचारतात, शेत कुणाचं," भुजंगराव म्हणाले.

"खरंय. उन्हात शोभतही नाही," हेरंब म्हणाला. "पुसत बसत नाही आता. तेवढी कडाच कापतो."

मला हाक मारायची होती. पण फोटोत माझं तोंड पलीकडे होतं.

डावीकडून पांढरं यायला लागलं. एकेक ओळ घेत, घाई न करता. कणसावरून उडालेली एक भोरडी ओरडत त्यात शिरली आणि तिचा आवाज अर्ध्यावर राहिला. माझ्या डाव्या खांद्याला टेकलेलं कणीस भरून जड झालं होतं. त्याचे अर्धे दाणे गेले. अर्धे अजून उन्हात होते.