कोबीने खाल्लेला दगड

मिलोयकाने पिपात कोपरापर्यंत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. मग बाही आणखी वर सारून पुन्हा घातला. वासच चुकला होता. आंबवलेल्या कोबीचा वास कसा, तळघराचं दार उघडताच नाकाला चावणारा. तोंडाला पाणी सुटलं नाही तर तो कोबीच नव्हे. इथे नुसता ओल्या फडक्यासारखा कुबट दर्प येत होता. तिने मूठभर वर काढला, तर तो बोटांतून शेवाळासारखा निसटला.

"अरे देवा," ती स्वतःशीच म्हणाली. "आजच?"

वर चुलीवर राजमा उकळत होता. आंबटात राजमा जन्मात शिजत नाही, म्हणून तो आधी वेगळा मऊ करायचा, कोबी वेगळा, आणि मग दोघांना एका भांड्यात आणायचं, एवढं तर गावातल्या पोरीसोरींनाही ठाऊक. कोबी-राजम्याची ही योता शनिवारी रांधायची आणि रविवारी खायची. मुरल्याशिवाय तिला चव नाही. उद्या दुपारी मिलोयकाचा धाकटा दीर सिल्वो योता खायला येणार होता, आणि जेवून उठला की मोटारीत बसून कायमचा मेलबर्नला, लेकीकडे निघणार होता.

तिने कोबीवरचा दाबाचा दगड दोन्ही हातांनी उचलून पिपाच्या काठावर टेकवला. एप्रनच्या टोकाने पुसला, आणि पुसता पुसता थबकली.

"आल्बिन!" ती ओरडली. "ए आल्बिन, खाली ये! आधी ये!"

तिचा नवरा आल्बिन अंगणातल्या कामाच्या पडवीतून आला. भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी, कानामागे पेन्सिल. गावातल्या निम्म्या दारांच्या चौकटी आणि स्मशानातल्या बहुतेक शिळा या माणसाच्या हातच्या.

"काय झालं? उंदीर?"

"हात लाव याला."

हा दगड त्यानेच घडवला होता, गेल्या हंगामात, कोबी घालायच्या आधी. क्रासच्या पठारावरचा पांढरा, टणक चुनखडक. घासून घासून असा गुळगुळीत केलेला की शेजारणी बघायला आल्या होत्या. वर घराचं नाव खोल कोरलेलं, 'लुकोवी'. त्याखाली नाजूक अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव आणि साल. आता आल्बिनचा अंगठा घराच्या नावावरून फिरला, खाली उतरला आणि सपाटीवर येऊन थांबला. खाली काही नव्हतंच. दगडाची चकाकी गेली होती, कडा चघळलेल्या गोळीसारख्या झाल्या होत्या.

"कुणी घासलं हे?"

"कोण घासणार? पिपात होता तो."

"मग?"

"कोबीनं खाल्ला."

आल्बिनने पिपात पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा पिपात. तो हसेल असं मिलोयकाला वाटलं होतं, निदान शिवी तरी हासडेल. तो खाली पायरीवर बसला.

"दोन छिन्न्या बोथट केल्या यानं माझ्या," तो हळूच म्हणाला. "दोन. आणि कोबी?"

मिलोयका पिपात वाकली. नखाने तुटणारं पान ते, मीठ लावून अंधारात ठेवलेलं, बापडं. त्याने बसल्या जागी, आवाज न करता, दगडाला आपल्यात मुरवून घेतलं होतं आणि त्या भरात स्वतःचा सगळा आंबटपणा घालवून बसलं होतं. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. इथे तर दगड पचला होता!

पण नवल करत बसायला सवड कुठे होती? दोन वर्षांमागे सासूबाई गेल्या तेव्हा भावांनी घर वाटून घेतलं. खोल्या वाटल्या, द्राक्षाचा मांडव वाटला, शेवटी उरलं कोबीचं पीप आणि त्यावरचा काळा दगड. तो दगड आजोबांनी त्रिएस्तच्या बंदरावरून आणलेला. हमाली करायचे ते. कुठल्याशा बोटीच्या तळातून भार म्हणून आलेला तो काळा कुळकुळीत धोंडा, कुठल्या देशीचा कोण जाणे, त्यांनी पाठीवर घालून चढण चढवला होता. सासूबाई त्याच्यावाचून दुसरा दगड पिपाला लावू देत नसत. का, ते कधी कुणी विचारलं नाही. वाटणीत पीप आल्बिनला आलं आणि सिल्वोने दगड मागितला, तेव्हा आल्बिन चारचौघांत म्हणाला होता, "ने तो डांबराचा गोळा! अख्खं पठार माझ्या दाराशी पडलंय, मला दगडाची काय वानवा?"

"आईच्या दगडाला डांबर म्हणालास," सिल्वो एवढंच म्हणाला होता. दुसऱ्या आठवड्यात अंगणाच्या मधोमध भिंत आली. तेव्हापासून भावाभावांत शब्द नाही. मिलोयका तेवढी भिंतीवरून सिल्वोशी बोलायची. परवा तिनेच धीर करून त्याला जेवायला बोलावलं होतं.

"येतो की, वहिनी," तो म्हणाला होता. "बघू तरी दादाच्या दगडाखाली काय पिकलंय."

आणि हे पिकलं होतं.

"सेझानाला जाऊन दुकानातल्या आंबट कोबीची पिशवी आणते," ती आता म्हणाली. "लसूण जास्त घालीन. तमालपत्र घालीन. कळायचं नाही."

"सिल्वोला कळायचं नाही? तो वासावरून गल्ली ओळखतो."

"मग त्याच्याकडूनच मागून आणूया. त्यानं घातला असेल की थोडा."

"मी मागू? त्याच्या दारात जाऊन?" आल्बिन उठला. "मेलो तरी नाही. उद्या त्याला सांग, मला ताप आलाय. तुम्ही दोघं जेवा."

"ताप! बासष्टाव्या वर्षी शाळा बुडवणार! अरे, तो परत यायचा नाही. साठीचा माणूस आहे, मेलबर्न काय शेजारचं गाव आहे? आता बोलला नाहीस तर तुझ्या कबरीवर तरी येणार आहे का तो?"

आल्बिन वर गेला. मिलोयका चुलीपाशी आली. राजम्यात धुरी दिलेल्या डुकराचं हाड घातलं, बटाटे सोलले, आणि डोळे पुसले. कांदा अजून चिरायचाच होता. बाहेर बुर्या सुटला होता; तो वारा सुटला की क्रासात छपरांवरसुद्धा धोंडे ठेवतात.

खिडकीतून तिने पाहिलं, आणि सुरी हातातच राहिली. आल्बिन पोटाशी तो पांढरा दगड धरून फाटकातून बाहेर पडत होता. भिंतीला दार ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे सख्ख्या भावाच्या घरी जायला सडकेवरून वळसा घालावा लागायचा. वाऱ्यात वाकून, एकेक पाऊल रोवत तो चालला होता. तिने चूल बारीक केली, शाल ओढली आणि मागे धावली.

सिल्वोच्या स्वयंपाकघरात टेबलावर सूटकेस उघडी पडली होती. खाली जमिनीवर बूट, कोट, पुस्तकं, रेझर, सगळं बाजूला काढलेलं. आणि सूटकेसच्या मधोमध, सासूबाईंच्या निळ्या एप्रनमध्ये गुंडाळलेला, तो काळा दगड. वजनकाटा शेजारीच होता. या शहाण्याने दगडासाठी बूट मागे ठेवले होते.

आल्बिनने ते पाहिलं. आपला दगड त्याने टेबलावर, सूटकेसशेजारी ठेवला.

सिल्वो जवळ आला. त्याने बोट फिरवलं, जिथे आल्बिनचं फिरलं होतं तिथूनच, आणि तिथेच थांबलं.

"तुझं नाव कुठं गेलं?"

"खाल्लं."

"कोबीनं?"

"हं."

आता हा टोमणा मारणार, या भीतीने मिलोयकाने शाल घट्ट आवळली. सिल्वोने डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढतात तशी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

"आई म्हणायची," तो म्हणाला, "इथला दगड घराला चांगला, पिपाला नाही. पिपाला परका हवा. मला वाटायचं, म्हातारीचं काहीतरी खूळ."

"तुला ठाऊक होतं?"

"ऐकलेलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"भिंतीवरून ओरडू? आणि तू ऐकलं असतंस?"

आल्बिनने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत भिंतच होती.

"नसतं ऐकलं," तो म्हणाला.

त्या घरात यापेक्षा मोठी माफी कुणी कधी मागितली नव्हती. मिलोयकाला हुंदका आला, तो तिने खोकल्यात घालवला.

"वहिनी, राजमा चुलीवर टाकून आलीस ना?" सिल्वो एकदम म्हणाला. "लागेल तो खाली! थांब." त्याने मागच्या खोलीतून काचेची बरणी आणली. "एकट्यापुरता घातला होता, बादलीत. झाकण नीट बसायचं नाही. पीप ते पीप. एवढा उरलाय."

तिने बरणी उघडली. तो वास आला, नाकाला चावणारा. तिघांच्याही तोंडाला एकदम पाणी सुटलं असणार, कारण तिघांनीही एकदमच आवंढा गिळला.

ती घरी परतली, आल्बिन मागे राहिला. कोबी शिजला, राजम्याशी एकत्र झाला, बटाटे कुस्करून झाले, भांडं उतरवून झाकलं, तेव्हा तो आला. रिकाम्या हाताने.

"दगड?"

"राहिला तिथंच. एवढ्या वाऱ्यात परत वाहू का?"

त्याने सडका कोबी उपसून खड्ड्यात टाकला आणि पीप उकळत्या पाण्याने घासून कोरडं केलं. न सांगता.

रविवारी सिल्वो आला तो खांद्याला कापडी झोळी अडकवून, एका अंगाला कललेला.

"पीप बघून येतो एकदा, आईचं," तो म्हणाला आणि सरळ तळघरात उतरला. त्याला बराच वेळ लागला. मिलोयकाने बोलवायला जायची तयारी केली तर आल्बिन म्हणाला, "असू दे."

मग तिघं जेवली. सिल्वोने तीन थाळ्या रिचवल्या. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले होते, आणि आल्बिन चमचा हवेत धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला होता.

"मीठ कमी," सिल्वो डोळे न उघडता म्हणाला.

"आईसारखा बोलतोयस," आल्बिन म्हणाला.

"ती माझीपण होती."

"होती ना."

मोटार आली. सूटकेस आल्बिननेच उचलून मागे ठेवली. धाकट्याला हात लावू दिला नाही. "काय भरलंयस, दगड?" तो म्हणाला, आणि सिल्वो म्हणाला, "दगडच." दोघं हसले. मिठी मारली तेव्हा मात्र दोघांनाही सोडायचं कसं ते सुचेना. सूटकेसमधून काढलेले जाड बूट सिल्वोने पायांतच चढवले होते.

सोमवारी ती पिपावर झाकण घालायला खाली गेली. आत, कोरड्या तळाशी, निळ्या एप्रनवर तो काळा दगड बसला होता. तिने त्यावर तळवा ठेवला. गार होता, आणि इतक्या वर्षांच्या आंबटाचा त्याच्यावर साधा ओरखडा नव्हता. कुठल्या किनाऱ्याचा, कुणाच्या मातीतला, आणि राहिला कुठे येऊन! ती तशीच पायऱ्या चढून धापा टाकत अंगणात गेली.

"आल्बिन, काळा दगड इथंच आहे! अरे, सिल्वो तो विसरून तुझा घेऊन गेला की काय?"

आल्बिनने छिन्नी थांबवली नाही. भिंतीच्या पायाशी बसून तो एकेक दगड सुटा करत होता. दारापुरती फट पडत आली होती.

"विसरला नाही," तो म्हणाला. "सूटकेस उचलली तेव्हाच कळलं मला. आपला दगड हाताला ओळखू येतो."