चित्र उभं ठेवा

सत्काराचा नारळ अजून माझ्या कोनाड्यात पडून आहे. तो मी फोडत नाही, कुणाला देतही नाही.

मी आसाराम, कोल्हारचाच. मुक्या चित्रपटांच्या काळात मी लोकांना हसवणारी एकोणीस चित्रं काढली. जावई शेणात पडतो, सासरा विहिरीत लटकतो, असली. लोक बाकड्यावरून खाली पडेपर्यंत हसायचे आणि मला वाटायचं, आपण फार मोठं काही करतो आहोत. मग बोलपट आला आणि मला कुणी विचारेना. कंपनी बुडाली. फिल्म भंगारात गेली. तिच्यातली चांदी धुऊन काढली आणि उरलेल्याच्या बांगड्या केल्या. माझी सगळी उमेद कुणाकुणाच्या मनगटावर फुटली असेल, देव जाणे.

एक रीळ मात्र मी चोरून आणलं होतं. दहा मिनिटांचं. त्याच्या शेवटी मुक्ता होती.

मुक्ता माझी बायको. तेव्हा आमच्यासारख्या छोट्या कंपन्यांत बायकांची कामं अजून बाप्येच करायचे. मला तो मिशी काढलेला नवरीचा अवतार नको होता, म्हणून मी तिलाच उभं केलं. एकदाच. त्याची शिक्षा तिनं मरेपर्यंत भोगली. गावी परतलो, तर तिला एकाही घरानं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती पाण्याला निघाली की शेजारची साळूबाई ओट्यावरून थुंकायची. मुक्ताला जाऊन आता आठ वर्षं झाली होती. तिचा साधा फोटोही माझ्याकडे नव्हता. होतं ते रीळ, आणि ते चालवायला यंत्र नव्हतं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात साळूबाईचाच मुलगा बन्सी, पंचायतीचा मेंबर, माझ्या दारात आला.

"तात्या, तुमी गावाचं भूषण हाय. जत्रंत तुमचा सत्कार करायचा. आमदार आबासाहेब येनार हायेत. सिनेमाच्या तंबूत तुमचं चित्रबी लावू."

तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण तंबूत यंत्र होतं. मुक्ता चालताना दिसणार होती, मान वळवून हसताना दिसणार होती. मी हो म्हणालो. शेण खाल्लं ते तिथं.

तंबू नदीच्या कोरड्या पात्रात लागला होता. मालक गनीभाई, यंत्रही तोच चालवायचा. मी त्याला बजावलं, "ही जुनी फिल्म बंदुकीच्या दारूसारखी पेटते. दिव्यापुढून पळत आहे तोवर ठीक. जागेवर थांबली की संपली."

गनीभाईनं रीळ दोन्ही हातांत घेतलं. "ठाऊक हाय तात्या. म्या थांबवनार न्हाई."

मला यंत्रापाशीच बसायचं होतं. बन्सीनं दंड धरून पुढं नेलं, पडद्याशेजारच्या खुर्चीत बसवलं. शाल आणि नारळ उरकून घेतला. आबासाहेबांचा पत्ता नव्हता, माणसं कावली होती, म्हणून दिवेलागणीला चित्र सुरू झालं.

काय सांगू? लोक हसले. शेहेचाळीस वर्षांनी तेच हसू, त्याच जागी. चुलीपाशी वाकलेल्या जावयाचा फेटा पेटतो आणि तो घरभर नाचतो. लहान पोरं मांड्या बडवत होती. पहिल्या रांगेत साळूबाई पदरात तोंड खुपसून हसत होती. मी मात्र पडद्यावरच्या दाराकडे बघत होतो. त्याच दारातून मुक्ता पाण्याची घागर घेऊन येते, आधी नवऱ्याकडे बघून पोटभर हसते आणि मग घागर त्याच्या डोक्यावर ओतते. उंबऱ्यावर तिचं पाऊल पडलं. जोडवी दिसली.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"आबासाहेब आले! थांबवा!" बन्सी ओरडत यंत्राकडे धावला. "चित्र हुबं ठेवा, पडदा काळा करू नका! साहेबास्नी त्याच्यापुढं हार घालायचाय, फोटो काढायचाय!"

मी किंचाळलो. गनीभाईचाही नकार ऐकू आला, पण बन्सीनं स्वतःच रीळ फिरवणारा खटका बंद केला, दिवा चालूच ठेवला. रीळ थांबलं की दिव्यापुढं आपोआप पडणारी झडप त्यानं बोटानं वर धरली. पडद्यावर मुक्ताचं पाऊल उभं राहिलं. मग त्यावर तपकिरी डाग आला, फुगला, आणि पाऊल खाऊन टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गनीभाईनं पेटलेलं रीळ उपसलं आणि कनातीखालून बाहेर वाळूत फेकलं. त्यानं माणसं वाचवली, त्याच्याबद्दल मनात काही नाही. मी बाहेर धावलो. अंगावरची सत्काराची शाल रिळावर टाकली, वर वाळू लोटली. ते विझत नव्हतं. शाल पेटली, वाकलो तसा माझा फेटाही पेटला. गाठ सुटेना. मी ओरडत गोल गोल पळू लागलो.

तंबूतली सगळी माणसं बाहेर आली होती.

"आरं, तात्या करून दाखवतोय!"

हसण्याचा लोट आला. आबासाहेब गळ्यातला हार सावरत हसत होते. "लई जातिवंत कलावंत हाय," ते बन्सीला म्हणाले. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला त्यांची किळस आली. मग त्याहून जास्त माझी. जळणारा माणूस बघून हसायचं, हे यांना शिकवलं कुणी? एकोणीस चित्रं काढून मीच.

चित्रात या जागी मुक्ता यायची. इथं सगळं गाव उभं होतं आणि एकही पाय हलला नाही. शेवटी गनीभाई चहावाल्याची बादली घेऊन धावत आला आणि त्यानं ती माझ्या डोक्यावर ओतली.

तेव्हा तर लोकांनी शिट्ट्या मारल्या.