सुटलेल्या तराफ्यावरचा डाव

मित्रांनो, मी एक जुना टॅब्लेट आहे आणि माझी काच आता वरच्या अर्ध्या भागातच उजळते. खालच्या अर्ध्यात समुद्राचं पाणी शिरून सुकलं, त्याचे पांढरे डाग आतल्या बाजूने दिसतात. हल्ली मी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून उभा असतो.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे होते, हातमोजे घातलेल्या बायका होत्या. मग कोणाकोणाच्या हातांतून फिरत मी इंडोनेशियातल्या बितुंग बंदराच्या बाजारात पोहोचलो. तिथून मला सिन्चे वालांडोवने घरी नेलं. सिन्चे बंदराजवळ तळलेली केळी विकते. तिचा नवरा नोल्डी मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्याने रोम्पोंगवर राखणदाराचं काम धरलं. रोम्पोंग म्हणजे किनाऱ्यापासून फार लांब, खोल समुद्रात दोराने नांगरलेला तराफा. त्याच्याखाली माडाच्या झावळ्या सोडलेल्या असतात, त्यांच्या सावलीला मासे जमतात. वर फळ्यांची झोपडी आणि तिच्यात एकटा माणूस. आठवड्याला मालकाची बोट येते, मासे नेते, तांदूळ आणि पाणी देते.

आमच्या भागात ब्रिज हा पत्त्यांचा खेळ घरोघर खेळतात; दोघा-दोघांच्या जोड्या, आधी किती हात करणार याची बोली, मग खेळ. चर्च सुटल्यावर, लग्नाच्या मांडवात, अगदी मयताच्या घरीसुद्धा. नोल्डी आणि सिन्चे लग्नाच्या आधीपासून ब्रिजमधले जोडीदार. तो महिनोन्महिने समुद्रावर राहणार म्हटल्यावर तिने माझ्यात ब्रिजचा खेळ घातला. त्यात समोरचा जोडीदार यंत्रमानव असतो.

"तिथे बसून तुझी बोली गंजेल," ती म्हणाली. "याच्याबरोबर खेळत जा. आणि याला शिव्या देऊ नकोस."

"का? तुला देतो ते चालतं?"

"मी परत देते. हा बिचारा कुठून देणार?"

नोल्डीने त्या यंत्रमानवाचं नाव ओम कायू ठेवलं, म्हणजे लाकूडकाका. ओम कायू नियमाबाहेर एक शब्द बोलत नसे. नोल्डीला मात्र हातात काही नसताना मोठी बोली ठोकून प्रतिस्पर्ध्यांना घाबरवायची सवय होती. प्रतिस्पर्धी घाबरायचे नाहीत, पण ओम कायू त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवून बोली आणखी वर न्यायचा आणि दोघेही सपशेल बुडायचे.

"अरे गाढवा, थाप होती ती!" नोल्डी तराफ्यावर उभा राहून ओरडायचा. "त्यांना मारलेली! तू कशाला खरी मानलीस?"

हळूहळू तो सुधारला. जेवढी पानं, तेवढीच बोली देऊ लागला. सुट्टीवर आला तेव्हा सिन्चेच्या ते पहिल्याच डावात लक्षात आलं. "इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही, ते या डबड्यानं केलं!" असं म्हणून तिने झग्याच्या टोकाने माझी काच पुसली. त्या नाताळात चर्चच्या स्पर्धेत दोघं पहिली आली आणि डुकराचं पिल्लू जिंकून घरी आली. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

पण तराफ्याचा दोर जुना झाला होता. पाण्यालगत त्याचे पीळ सुटत चालले होते. नोल्डीने बोटवाल्यांना दाखवलं, मालकाला निरोप धाडला. मालकाचं नाव बेर्ती. त्याचा निरोप उलट आला, "पुढच्या फेरीला बघू." पुढच्या फेरीला बोट आली, दोर आला नाही. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही.

मग पश्चिमेचा वारा सुटला. एका सकाळी तराफ्याला असा हिसका बसला, की झोपडीतली भांडी एका कोपऱ्यात जाऊन आदळली. नोल्डी धावत पुढे गेला. दोराचं तुटकं टोक पाण्यावर तरंगत होतं.

लाटांनी मोठी बॅटरी नेली, दिवा नेला, गॅसची शेगडी नेली. उरलं ते एक छोटं सौर पॅनेल आणि त्याची एकच वायर. त्या वायरीवर एका वेळी एकच गोष्ट चार्ज होई. एक तर हातातला छोटा रेडिओ, नाहीतर मी.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला सांगवत नाहीत, तरी सांगतो. नोल्डी ताडपत्रीत पावसाचं पाणी धरायचा. पाऊस नसला, की ओल्या फडक्याने ओठ पुसत बसायचा. गळाला मासा लागला तर कच्चाच खायचा. सकाळ-संध्याकाळ रेडिओवर हाका मारायचा आणि क्षितिजावर धुराची रेघ दिसली, तरी हाका मारायचा. जहाजं लांबून जायची. रेडिओतून नुसती खरखर यायची, आणि थोड्या वेळाने तीही बंद पडायची. मग तो रेडिओ काढून वायर मला लावायचा आणि एक डाव खेळायचा.

एका दुपारी एक जहाज जरा जवळून गेलं. त्यावरची रंगीत खोकी दिसत होती. नोल्डीने शर्ट काढून हलवला, घसा फुटेपर्यंत ओरडला. रेडिओ तर सकाळीच संपला होता. जहाज बारीक होत होत दिसेनासं झालं.

तो परत झोपडीत आला नाही. तराफ्याच्या कडेला पाय सोडून बसला, मग उभा राहिला. "सिन्चे," तो म्हणाला, "मी उतरतो गं आता." त्याचा डाव माझ्यावर अर्धाच राहिला होता. खेळणारा बराच वेळ थांबला, की माझ्यातून 'तुमची पाळी' अशी घंटी वाजते. ती वाजली. तो हलला नाही. पुन्हा वाजली. पुन्हा वाजली.

"गप रे!" तो वळून किंचाळला. "माणूस मरायला निघालाय, आणि तुला पान पाहिजे?"

घंटी वाजतच राहिली. ओम कायूला काय कळणार? तो नुसता वाट पाहत होता. नोल्डी खाली बसला आणि हसायला लागला, आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मलाही समजलं नाही. शेवटी रांगत आत आला आणि त्याने पान टाकलं.

त्यानंतरचा डाव मला पक्का आठवतो. नोल्डीच्या हातात राजेशाही पानं आली. इस्पिकची सहा, त्यांत एक्का, राणी, गुलाम. बदामाचे आणि चौकटचे एक्का-राजा-राणी. आणि किलवरचं एक फालतू पान. त्याने ताकदीची बोली दिली, मग हुकूम म्हणून इस्पिक सांगितलं. ओम कायू एकदम 'चार इस्पिक' म्हणाला. त्याच्या नियमात याचा अर्थ सरळ होता. हुकमाची पानं आहेत, बाकी हात रिकामा आहे, इथेच थांब.

नोल्डीला तो अर्थ ठाऊक होता. "थांबून काय करू, ओम?" तो पुटपुटला. "कोणासाठी जपून खेळू?" आणि त्याने सहा इस्पिक म्हटलं. म्हणजे तेरातले बारा हात करायचे.

नियमाप्रमाणे जोडीदाराची, म्हणजे ओम कायूची, पानं उघडी झाली. एकही चित्र नाही. इस्पिकची चार लहान पानं, बाकी तीन-तीन-तीन. किलवरचा एक हात लगेच गेला. दुसरं किलवर नोल्डीने हुकमाने मारलं. आता आणखी एकही हात जाऊन चालणार नव्हता, आणि इस्पिकचा राजा बाहेर होता. ओम कायूच्या पानांत जायला वाट असती, तर तिथून इस्पिक खेळून राजाला कोंडीत धरता आलं असतं. पण तशी वाटच नव्हती.

 नोल्डी पानांकडे बघत स्वतःशीच बोलू लागला.

"राजा दुसऱ्या पानाबरोबर असेल, तर मी मेलो. दोन पानांबरोबर असेल, तरी मेलो. एकटा असेल तरच एक्क्याखाली पडेल. मग तो एकटाच आहे असं धरायचं. बाकीचा विचार कशाला करायचा?"

त्याचं बोट एक्क्यावर आलं आणि तिथेच थांबलं. त्याने मान वर करून समुद्राकडे पाहिलं.

"लांबच्या जहाजाला माझा आवाज जातच नाही," तो सावकाश म्हणाला. "कितीही ओरडलो तरी. मी वाचणार असेन, तर एकाच तऱ्हेने. जहाज अगदी जवळ येईल, आणि तेव्हा रेडिओ भरलेला असेल. मग रोज सकाळ-संध्याकाळ कशाला उधळतोय मी तो?"

त्याने माझी वायर काढली. "ओम, हा एक्का राहू दे," एवढंच म्हणाला. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. थोड्या वेळाने माझी काच काळी झाली.

पुढचं मी पाहिलं नाही. घरी आल्यावर तो सिन्चेला सांगत होता, तेव्हा ऐकलं. कितीतरी धुराच्या रेघा त्याने दात आवळून जाऊ दिल्या. रेडिओ छातीशी धरून बसून राहिला. ज्या सकाळी एक तेलवाहू जहाज थेट त्याच्या अंगावर आल्यासारखं आलं, त्या सकाळी रेडिओ भरलेला होता. पण जहाजावरचा अधिकारी परक्या भाषेत काहीतरी दटावून गप्प झाला. नोल्डीला त्याची भाषा येत नव्हती. तो आपला "तोलोंग! तोलोंग!" म्हणत राहिला. म्हणजे वाचवा.

"तोंड दुखेपर्यंत म्हणत होतो," तो सिन्चेला म्हणाला. "आणि मग आतून दुसरा आवाज आला. 'तुलोंग? तुलोंग?' फिलिपिन्सचा खलाशी होता गं. त्यांच्याकडेही मदतीला हाच शब्द!"

 सिन्चेने त्याच्या ताटलीत भात वाढला, पुन्हा वाढला. तो खाऊ शकत नव्हता, तरी वाढत राहिली.

मला तिने चार्जरला लावलं. अर्धी काच उजळली, पण तो डाव पुसला गेला होता. राजा एकटा होता का, ते कोणालाच कळलं नाही. नोल्डीने विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सिन्चे मला पिशवीत घालूनच बेर्तीच्या धक्क्यावर गेली. नोल्डीच्या तराफ्याची जागा रिकामी सापडल्यावर हाच बेर्ती तिला म्हणाला होता, "तुझा नवरा दुसऱ्या बेटावर कोणाकडे तरी गेला असेल." तिने बाकीच्या राखणदारांच्या बायकांना बरोबर आणलं होतं. सगळ्या जणी बोटीत चढून बसल्या.

"उतरा खाली!" बेर्ती ओरडला. "माल जायचाय!"

"माल राहू दे," सिन्चे म्हणाली. "आधी आमची माणसं आण. एकूण एक. मग भांडू."

"अगं बाई, दोर चांगले आहेत सगळे."

"मग तू जाऊन बस त्यांवर. आम्ही इथे केळी तळतो."

बोट गेली. माणसं आली, उन्हाने काळवंडलेली, गोंधळलेली. बायकांनी त्यांना धरून धरून बघितलं. शेवटच्या फेरीत फ्रित्स तुमिवाला आणायचं होतं. बोट परत आली तेव्हा तिच्यात फ्रित्स नव्हता. त्याच्या जागी तराफाच नव्हता. कधीपासून नव्हता, ते कोणाला सांगता येईना, कारण त्याच्याकडची फेरी बेर्तीने परस्पर कमी केली होती.  फ्रित्सची बायको मार्था धक्क्यावर उभीच राहिली.

आता मार्था रोज दुपारी आमच्याकडे येते.

"तो तर ब्रिज खेळत नाही," ती नोल्डीला विचारते. "त्याच्याजवळ असलं काही नाही. तो काय करत असेल?"

"गात असेल," नोल्डी म्हणतो. "फ्रित्स गातो ना?"

"गातो. भयंकर बेसूर."

"मग तो लवकर थकायचा नाही."

ती हसते आणि तोंडावर हात धरते. नोल्डी माझ्यावर नकाशा उघडतो, वारा बघतो, प्रवाह बघतो आणि उजळलेल्या अर्ध्या काचेवर बोट सरकवत राहतो. खालचा समुद्र त्याला दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन जहाजावर जाल, कोणाचे वडील आज जहाजावर असतील. त्यांना माझं एक सांगणं पोहोचवा. रेडिओ बंद ठेवू नका. आवाज बारीक असेल, भाषा तुमची नसेल, कदाचित गाणंही असेल. तरी उत्तर द्या. त्याचं नाव फ्रित्स तुमिवा आहे.