तिबेरिउचा दिवा

"दार उघडा हो मावशी! सगळा जिना तुमच्यापायी खोळंबलाय," इमारतीचे कारभारी फानिका बाहेरून ओरडत होते.

"खोळंबू दे," आतून सेवास्तिया म्हणाली. "खोळंबल्याने कोणी मरत नाही."

फानिका दोन पायऱ्या खाली उतरले. त्या दारापाशी मरणाचा शब्द निघाला की जिन्यातला प्रत्येक जण असाच मागे सरे.

गलात्स शहरातल्या त्या वस्तीत इंटरनेट कोणा कंपनीने आणलं नव्हतं, शेजाऱ्यांनीच ओढून आणलं होतं, आणि सेवास्तियाचा मुलगा तिबेरिउ त्यांचा म्होरक्या. सगळ्यांत मिळून एक दणकट जोडणी घ्यायची आणि तिच्या तारा गच्चीवरून, खिडक्यांतून घरोघर न्यायच्या. साऱ्या तारा जिथे एकत्र येत, ती पेटी तिबेरिउच्या खोलीत भिंतीवर होती. पेटीवर प्रत्येक घराचा एक हिरवा दिवा. त्या घरात काही आलं-गेलं की तो लुकलुके. गेल्या हिवाळ्यात वाऱ्याने सुटलेली तार बांधायला तिबेरिउ गच्चीवर गेला आणि बर्फावरून त्याचा पाय घसरला.

सेवास्तियाने पोलादाच्या कारखान्यात जन्मभर क्रेन चालवली. उंचीची भीती तिला ठाऊक नव्हती. आता मात्र ती खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नसे.

आणि आता कंपनी दारात उभी होती, प्रत्येक घराला वेगळी नवी तार द्यायला. पण जिन्यातल्या नळीत तिबेरिउच्या तारा अशा कोंबलेल्या होत्या की त्या काढल्याशिवाय नवी जाणार नव्हती. त्या काढायच्या म्हणजे पेटी बंद.

पेटी बंद होऊ द्यायची नाही, हे सेवास्तियाने मनाशी पक्कं केलं होतं. कारण शेवटचा दिवा तिबेरिउच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा होता. तो कॉम्प्युटर तिने कधी बंदच केला नव्हता. खोलीत चिटपाखरू नसायचं, तरी रोज दिवेलागणीला तो दिवा लुकलुकू लागे. सेवास्तिया स्टूल घेऊन समोर बसे आणि दिवसभराचं सांगे. "तुझी गिटार पुसून ठेवलीय. वाजवून रेकॉर्ड करत असताना मी हाक मारली की किती चिडायचास! आता नाही हो मारत." दिवा लुकलुकत राही. तेवढ्यावर तिचा दिवस निघे.

फानिकांनी शेवटी वरच्या मजल्यावरच्या दोम्निकाला पाठवलं. ती शिवणकाम करायची, आणि सेवास्तिया तिला पोरीसारखं मानायची.

"बरी आलीस," सेवास्तियाने तिला हाताला धरून खोलीत नेलं. "कोणाला सांगितलं नाही, तुला दाखवते. बघ, आलाय."

दिव्याकडे पाहून दोम्निकाचा चेहरा पडला. "मावशी... ती मी आहे."

"काय तू आहेस?"

"तिबीने आपली गाणी सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती ना. संध्याकाळी इस्त्री करताना मी लावते ती. आत्ताही वर चालूच आहेत. वाजतात माझ्याकडे, पण येतात इथून. म्हणून लुकलुकतोय."

"फानिकाने पढवून पाठवलंय तुला!"

दोम्निका वर गेली. थोड्याच वेळात दिवा थांबला. नुसता हिरवा, निश्चल. सेवास्तिया त्याच्याकडे बघत राहिली. पोरगा गेल्याचं तिला दुसऱ्यांदा कळलं, आणि या खेपेला तिचं सांत्वन करायला कोणी आलं नाही.

शनिवारी तिने आपणहून दार उघडलं. गहू शिजवून, साखर आणि अक्रोड घालून तिने कोलिवा केला होता, गेलेल्याच्या नावाने वाटायचा. ती दारोदार वाट्या देत गेली.

"देव त्याला क्षमा करो," वाटी घेताना प्रत्येक जण रिवाजाप्रमाणे म्हणे.

पण सेवास्तिया दारातून हलत नव्हती. "एवढ्यावर भागायचं नाही. त्याच्या कॉम्प्युटरमधलंही न्या. गाणी, सिनेमे, असेल ते. त्याचे कपडे वाटून झाले, हेच राहिलंय. संध्याकाळी पेटी बंद करतेय."

"मला त्यातलं काय कळतंय, मावशी!" फानिका म्हणाले.

"तुमच्या सुनेला सांगा. कोणी रिकाम्या हाताने राहायचं नाही."

दुपार कलली तसा तिबेरिउचा दिवा असा थरथरू लागला की नजर ठरेना. त्याच्याबरोबर घराघरांचे दिवे. सेवास्तियाने जवळ एक मेणबत्ती लावली. मग एकेका घराचा दिवा शांत झाला, आणि सर्वांत शेवटी त्याचा.

"दमलास. पुरे आता," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने प्लग काढला.

तारा गेल्या, पेटी गेली, भिंतीवर स्क्रूची भोकं राहिली. नव्या तारेची जोडणी सेवास्तियाने घेतली नाही. काय करायची होती?

एका संध्याकाळी ती सूप वाढून घेत होती. वर दोम्निकाची इस्त्री चालली होती आणि गिटार वाजत होती. मध्येच एका बाईचा आवाज आला, चढा, वैतागलेला. "तिबी! सूप गार होतंय. किती हाका मारायच्या?"

तो तिचा स्वतःचाच आवाज होता.

गिटार थांबली. "आलो गं आई."

सेवास्तियाने सुपावर झाकण ठेवलं.